बरणीतला कोट

आमच्या धंद्यात चित्रकार नेहमी मेलेला असतो. ही आमची मोठी सोय आहे. डॉक्टरला पेशंट प्रश्न विचारतो, शिंप्याच्या डोक्याशी गिऱ्हाईक उभं राहतं. आमच्या टेबलावरचं चित्र मात्र उताणं पडून राहतं आणि त्याचा कर्ता कुठल्या तरी चर्चच्या आवारात शांत झोपलेला असतो. आपण काय केलं, ते त्याला कधी कळत नाही. मी जुन्या चित्रांची सफाई आणि दुरुस्ती करतो. सव्वीस वर्षांत ही सोय माझ्या बाबतीत एकदाच मोडली. मंडळाच्या दिवाळी अंकासाठी ‘तुमच्या कामाबद्दल काही गमतीदार लिहा’ असा निरोप आला, तेव्हा मला तेच आठवलं. ते गमतीदार आहे की नाही, हे वाचणाऱ्यांनी ठरवावं.

आधी थोडं कामाबद्दल. कार्डिफच्या मराठी मंडळींत माझी ओळख ‘सुलभाताईंचे मिस्टर’ अशी आहे. सुलभा इथल्या हॉस्पिटलमध्ये भूल देते. तिच्या नोकरीपायी आम्ही इथे आलो. मी मुंबईत हेच काम शिकलो होतो, इथे हायवेल नावाच्या माणसाच्या छोट्या स्टुडिओत लागलो. तीन टेबलं, दोन खिडक्या, एक केटल. गणपतीच्या आरतीनंतर प्रसाद खाता खाता लोक विचारतात, “म्हणजे तुम्ही पेंटर का?” मी नाही म्हणतो. एका डॉक्टरांनी बर्मिंगहॅमहून आजोबांचं तैलचित्र आणलं होतं. आजोबांच्या डोक्यावर थोडे केस वाढवून द्याल का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, “आम्ही काही घालत नाही. नंतर कोणी घातलेलं असेल, तर काढतो.” ते म्हणाले, “मग निदान चष्मा काढा.” चष्मा आजोबांचाच होता. तो राहिला.

काढायचं कसं, ते सांगतो. बांबूच्या बारीक काडीला कापूस गुंडाळायचा, द्रावणात बुडवायचा आणि चित्रावरून अलगद फिरवायचा. घासायचा नाही. जुनं व्हार्निश पिवळं होऊन कापसावर येतं. मी लहानपणी आईबरोबर बसून फुलवाती वळायचो, त्यामुळे माझा कापूस झटपट आणि घट्ट वळला जातो. हायवेल पहिल्या दिवशी बघतच राहिला होता. माझ्या मुंबईच्या सरांची आणखी एक सवय माझ्या हातात आहे. चित्र आपल्या घरी परत जाईपर्यंत वापरलेला कापूस टाकायचा नाही. काचेच्या बरणीत ठेवायचा. आपण काय काढलं, ते डोळ्यांसमोर राहतं. हायवेल त्याला माझा देवधर्म समजायचा.

पण खरं कौशल्य हातात नसतं. मूळचं कुठलं आणि नंतरचं कुठलं, हे ओळखण्यात ते असतं. त्याच्या काही खुणा आहेत. चित्रकार चित्र संपलं की वरून व्हार्निश देतो. म्हणून व्हार्निशच्या वर रंग दिसला, तर तो बहुतेक दुसऱ्याचा. अंधाऱ्या खोलीत जांभळ्या दिव्याखाली धरलं, की जुनं व्हार्निश हिरवट उजळतं आणि वरचा रंग काळा दिसतो. आणि शेवटची खूण म्हणजे चित्र बुद्धीनं वाचायचं. एका कुरणाच्या चित्रात पाच मेंढ्या होत्या. चौघींच्या सावल्या डावीकडे, पाचवीची उजवीकडे. मी म्हटलं, ही घुसलेली आहे. काढली, तर तिच्याखाली कॅनव्हासला पडलेलं भोक निघालं. कोणीतरी ते झाकायला मेंढी बसवली होती. हायवेलनं येणाऱ्या-जाणाऱ्याला ती गोष्ट सांगितली. “श्री सावल्या वाचतो,” म्हणायचा. श्री म्हणजे मी. मला ते फार आवडायचं. पुढचं सगळं त्या मेंढीमुळे झालं.

दोन हजार सालानंतरची ती पहिली काही वर्षं. जवळच्या एका कौन्सिलच्या गॅलरीनं ‘स्वप्नं’ या विषयावर प्रदर्शन ठरवलं होतं. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात युरोपात चित्रकारांचा एक पंथ निघाला, तो स्वप्नांच्या मागे लागला. जागेपणी आपण जे जोडत नाही, ते झोपेत आपोआप जोडलं जातं, आणि तेच जास्त खरं, असं त्यांना वाटायचं. त्याची एक लाट आमच्या वेल्सच्या दऱ्यांपर्यंतही आली होती. त्यातलं एक चित्र सफाईसाठी आमच्याकडे आलं. सोबतच्या चिठ्ठीत ‘ऑल्वेन’ एवढंच नाव आणि एका बंद पडलेल्या ग्रंथालयाचा पत्ता.

मी अशी चित्रं आधी छापलेली पाहिली होती आणि खरं सांगतो, मला तो चावटपणा वाटायचा. पण हे टेबलावर आलं आणि मी खुर्ची ओढून बसलो. खाणीच्या गावातलं साधं स्वयंपाकघर होतं. त्याला जमीन नव्हती, तिथे क्षितिजापर्यंत पाणी. टेबलाचे पाय पाण्यात. टेबलावर पार्सलसारखा सुतळीनं बांधलेला पाव, आणि ती सुतळी वर आभाळात गेलेली. शेकोटीपुढे पत्र्याचा आंघोळीचा टब, त्यात पाण्याऐवजी एक अख्खी हिरवी टेकडी. खिडक्या तीन, एकीत ऊन, एकीत बर्फ, एकीत धुकं. आणि हे सगळं इतकं जपून रंगवलेलं, की पावाच्या सालीवरची प्रत्येक चीर वेगळी. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं, की ही मंडळी स्वप्नं धूसर रंगवत नव्हती. पंचनामा करावा तशी रंगवत होती. वस्तू सगळ्या खऱ्या, ओळखीच्या, फक्त त्यांचं एकमेकींशी नातं अशक्य. आणखी एक गोष्ट लक्षात आली. त्या एवढ्या पाण्यात कशाचंच प्रतिबिंब नव्हतं. टेबलाचं नाही, टबाचं नाही, खिडक्यांचं नाही.

मला इतकं कुतूहल वाटलं, की मी उशाशी वही ठेवून स्वतःची स्वप्नं लिहायला लागलो. सुलभा सकाळी चहा घेताना विचारायची, “काय रे, आज काय सापडलं?”

“पार्किंग सापडत नव्हतं.”

“आणि काल?”

“काल व्हिसाचा फॉर्म होता. पानं संपतच नव्हती.”

“ठेव ती वही,” ती म्हणाली. “तुझ्या प्रदर्शनाला कोणी येणार नाही.”

चित्रात उजवीकडे, हवेत, एक तपकिरी डाग होता. तळहाताएवढा, जाड, दोन ठिकाणी ओघळलेला. दाराला लावतात तसल्या चकचकीत पेंटचा. बाकी चित्राची नजाकत पाहता तो अगदी उपरा वाटत होता. जांभळ्या दिव्याखाली तो काळा दिसला, म्हणजे व्हार्निशच्या वरचा. हायवेल म्हणाला, “तुझी पाचवी मेंढी.” मी म्हणालो, “खाली भोक असणार.”

पहिल्या दुपारी मी वरचा अर्धा भाग काढला. खालचं व्हार्निश सुटलं की वरचा पेंट त्याच्याबरोबर सहज येत होता. खाली भोक नव्हतं. चीर नव्हती, खरचटलेलंही नव्हतं. स्वच्छ, निळसर हवा होती. झाकायला काही नव्हतं, तर झाकलं कशाला? हा प्रश्न मला पडला, आणि मी उरलेला चहा पिऊन घरी गेलो.

दुसऱ्या दुपारी खालचा भाग घेतला. डागाच्या खालच्या बाजूला, पाण्यात, तीन बारीक आडव्या रेषा होत्या, पातळ केलेल्या त्याच तपकिरी रंगाच्या. मी भिंग लावून पाहिलं. त्या ओघळ नव्हत्या. बारीक कुंचल्यानं, हात न थरथरवता, लाटेच्या उतारावर बेतून काढलेल्या होत्या. ते प्रतिबिंब होतं. सगळ्या चित्रात तेवढं एकच.

इथे मी थांबायला हवं होतं. भोक बुजवणारा माणूस प्रतिबिंब रंगवत बसत नाही. हायवेल त्या दिवशी एक चित्र आणायला बर्मिंगहॅमला गेला होता, पण माझा मोबाइल माझ्या खिशात होता. मी तो काढला नाही. मी स्वतःला समजावलं, की बाकी कशाचंच प्रतिबिंब नाही, याचंच आहे, म्हणजे हे दुसऱ्याच हातचं. मेंढीच्या वेळी हेच तर्कशास्त्र बरोबर ठरलं होतं. शिवाय अर्धवट काढलेला डाग फार वाईट दिसत होता, आणि शुक्रवारी चित्र तयार हवं होतं. पण खरं कारण हे, की ‘श्री सावल्या वाचतो’ या वाक्याला मला धक्का लागू द्यायचा नव्हता. मी नवा कापूस वळला, उरलेला डाग काढला आणि त्या तीन रेषा तीन फेऱ्यांत काढून टाकल्या. अहवालात लिहिलं, ‘नंतरच्या काळातलं परकं रंगलेपन दूर केलं.’ हायवेलनं खाली सही केली.

पुढच्या आठवड्यात, चित्र न्यायला गाडी यायच्या आधीच, गॅलरीतून फोन आला. हायवेल फोन ठेवून हसतच आला. “श्री, ऑल्वेनबाई जिवंत आहेत! दोन दऱ्या पलीकडे एका केअर होममध्ये. चौऱ्याऐंशी वर्षांच्या. प्रदर्शनाआधी चित्र बघायला उद्या इथे येतायत.” मी केटल लावायला उठलो. ती रिकामीच लावली, हे तिचा वास सुटल्यावर कळलं.

ऑल्वेनबाई टॅक्सीतून आल्या. लहानखुऱ्या, वॉकर धरलेल्या, अंगात हाताने विणलेला लाल स्वेटर. डोळे गेलेत, असं त्यांनीच आल्या आल्या सांगून टाकलं. हायवेलनं त्यांना चित्रासमोर हातभर अंतरावर बसवलं. त्या टबाकडे तोंड करून बराच वेळ बसल्या.

“टेकडी आहे,” त्या म्हणाल्या. “पाव आहे. किती उजळलंय गं बाई सगळं. आणि कोट?”

“कोट?” हायवेल म्हणाला.

“उजवीकडे. माझ्या आईचा कोट. आहे ना?”

हायवेलनं माझ्याकडे पाहिलं. त्याला तो डाग आठवत होता, तो कोट होता हे माहीत नव्हतं. मलाही त्याच क्षणी कळलं. बाह्या, खांदा, लोंबणारी कड, सगळं डोळ्यांपुढे आलं.

“आहे,” मी म्हणालो.

“फिकट झाला असेल.”

“सफाईनंतर थोडा फिकट वाटतो.”

“हं,” त्या म्हणाल्या, आणि हात मांडीवर ठेवून सांगायला लागल्या. एकोणिसाव्या वर्षी त्यांना ते स्वप्न पडलं आणि त्यांनी ते रंगवलं. मग लग्न झालं, शाळेच्या स्वयंपाकघरात नोकरी लागली, कुंचले कुठे गेले ते कळलं नाही. वीस वर्षांनी आई गेली. त्यानंतर एकदा तेच स्वप्न पुन्हा पडलं. तेच पाणी, तोच टब. पण या वेळी हवेत, खुंटीशिवाय, आईचा कोट टांगलेला होता. चित्र घरी जिन्यात लावलेलं होतं. घरात रंग म्हणजे मागच्या दाराला लावायला आणलेला एक डबा. “तोच घेतला,” त्या म्हणाल्या. “दुसरं स्वप्न पहिल्याच्या वर आलं, म्हणून रंगही वरूनच दिला. त्यात चुकलं काय?”

“काही नाही,” हायवेल म्हणाला.

टॅक्सी गेल्यावर त्यानं दार लावलं. “त्या अहवालावर माझी सही आहे, श्री.”

“हो.”

“काढण्याआधीचा फोटो आहे. त्यावरून दोन दिवसांत पुन्हा रंगवशील. नंतर निघेल असा रंग वापर. त्यांना दिसत नाही, आणि बाकी कोणाला माहीत नाही.” तो वाईट माणूस नव्हता. तीन टेबलांचा स्टुडिओ होता, आणि तो वाचवायचा होता.

मी रंग कालवलासुद्धा. दोन दिवस तपकिरी कालवत होतो. माझा प्रत्येक तपकिरी जास्तच चांगला निघत होता. घाईघाईत दाराच्या डब्यातून घेतलेला तो रंग मला जमत नव्हता. तिसऱ्या दिवशी जेवताना मी सुलभाला सगळं सांगितलं. खिशातल्या मोबाइलसकट.

तिनं ताट बाजूला सारलं. “त्या बाईंना सांगितलंस?”

“हायवेल म्हणतो...”

“हायवेलचं सोड. आमच्याकडे काही चुकलं, तर आधी पेशंटला सांगतो. मग फाइलमध्ये लिहितो. तू उलटं करतोयस. आधी फाइलमध्ये खोटं लिहिलंस आणि आता पेशंटला फसवतोयस.”

“त्या चौऱ्याऐंशीच्या आहेत गं.”

“म्हणून तर लवकर जा.”

दुसऱ्या दिवशी दुपारी मी दरीतल्या छोट्या ट्रेननं गेलो. पिशवीत बरणी होती. का घेतली, ते मला सांगता येत नव्हतं. केअर होमच्या दिवाणखान्यात टीव्हीवर प्रश्नमंजूषा चालू होती आणि चार-पाच म्हाताऱ्या टीव्हीच्या आधी उत्तरं देत होत्या. ऑल्वेनबाई खिडकीशी होत्या.

“उशीर केलास, बाख,” त्या म्हणाल्या. वेल्शमध्ये धाकट्याला लाडानं असं म्हणतात. “मला वाटलं, मंगळवारी येशील.”

मी उभाच राहिलो.

“माझे डोळे मधून गेलेत. कडेनं दिसतं. एखादी गोष्ट बघायची, तर मी तिच्या शेजारी बघते. त्या दिवशी मी टबाकडे बघत होते ना? ती कोटाची जागा बघत होते. तिथे काही नव्हतं.”

मी बसलो आणि सांगितलं. खाली भोक निघालं नाही, ते सांगितलं. तीन रेषा भिंगातून पाहिल्या, ते सांगितलं. मोबाइल, शुक्रवार, मेंढी, काही राखलं नाही. माझं बोलणं संपेपर्यंत त्या खिडकीबाहेर बघत होत्या, म्हणजे माझ्याकडे बघत होत्या.

“त्या रेषांना मला अख्खा रविवार लागला होता,” त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, त्यामुळे जास्त लागलं. “त्या पाण्यात काहीच दिसत नसे. पहिल्या स्वप्नात मी स्वतः वाकून पाहिलं होतं, तर मीसुद्धा नव्हते. आईचा कोट आला आणि पाण्याला पहिल्यांदा काहीतरी दिसलं. आणि तू ते पुसलंस. दिसत असताना.”

“हो.”

टीव्हीवर कोणीतरी जिंकलं. टाळ्या झाल्या.

“मी फोटोवरून पुन्हा रंगवू शकतो,” मी म्हणालो. “अगदी तसाच दिसेल.”

“तुला ते स्वप्न पडलं का?”

“नाही. मला पार्किंगची पडतात.”

त्यांच्या ओठाचा कोपरा हलला. “मग नको. तू कोटाचा फोटो रंगवशील. पण काढलास, तो गेला कुठे?”

तेव्हा मला कळलं, मी बरणी का आणली ते. पिशवीतून काढून त्यांच्या हातात दिली. आत माझ्या वळलेल्या वाती होत्या, तपकिरी झालेल्या, एकमेकींत गुंतलेल्या. त्यांनी बरणी डोळ्यांशी नेली, मग डोक्याच्या बाजूला धरली आणि समोर भिंतीकडे बघत राहिल्या. झाकणाला नाक लावलं.

“माझं मागचं दार,” त्या म्हणाल्या. मग खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत. त्या हसत होत्या. “कोट बरणीत! अरे, एकोणिसाव्या वर्षी हे सुचलं असतं तर मी नाव काढलं असतं.” शेजारची म्हातारी विचारायला लागली, काय झालं. “काही नाही गं, आईचा कोट आलाय,” त्या म्हणाल्या आणि पुन्हा हसायला लागल्या.

हसून झाल्यावर त्यांनी डोळे पुसले आणि अट घातली. ही बरणी चित्राखाली ठेवायची, आणि शेजारची पाटी त्या सांगतील तशी लिहायची. मी तिथेच लिहून घेतली. “माझ्या आईचा कोट. माझी परवानगी न घेता मिस्टर लिमये यांनी उतरवला. सध्या या बरणीत आहे.”

“माझं नाव घालायलाच हवं?” मी विचारलं.

“चित्रावर माझं आहे ना?”

आमच्या धंद्यात नाव कुठेच लागत नाही. काम चांगलं झालं, तर आपण तिथे होतो हे कळू नये, असा त्याचा नियमच आहे. हायवेलला मी तो कागद दाखवला, तेव्हा तो चार दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलला. पाचव्या दिवशी त्यानं जुना अहवाल मागवून घेतला. आम्ही नवा लिहिला. दोघांनी सह्या केल्या आणि गॅलरीला पाठवला. त्या गॅलरीकडून पुन्हा काम आलं नाही. ते मला रास्त वाटतं.

प्रदर्शनाच्या पहिल्या दिवशी सुलभा सुट्टी घेऊन आली होती. लोक चित्र बघायचे, पाटी वाचायचे, बरणीकडे बघायचे आणि मग चित्राच्या उजव्या बाजूच्या मोकळ्या हवेकडे. तिथेच सगळ्यांत जास्त वेळ थांबायचे. एक बाई नवऱ्याला म्हणाली, “कोण हा लिमये?” मी शेजारीच होतो. सुलभानं माझा हात धरला आणि मला तिथून हलू दिलं नाही.

ऑल्वेनबाई व्हीलचेअरमधून आल्या. मी त्यांना चित्रासमोर नेलं. त्यांनी खिडक्या, पाव, टब, सगळ्यांच्या शेजारी पाहून घेतलं.

“बरणी कशावर ठेवलीय?” त्यांनी विचारलं.

“काळ्या काचेच्या फळीवर.”

“मग पडलं असेल.”

“काय?”

“बघ ना वाकून.”

मी वाकलो. काळ्या काचेत बरणी उलटी उभी होती, आणि तिच्यात त्या तपकिरी वाती, खोल पाण्यात असाव्यात तशा.

“पडलंय,” मी म्हणालो.

या वेळी मी खरं बोलत होतो. तरी त्यांनी मान हळूहळू वळवली, भिंतीच्या कोपऱ्याकडे नजर लावली आणि कडेनं, सावकाश, स्वतः खात्री करून घेतली.